महिना भरल्याशिवाय यायचं नाय

निमाताईंनी पहिल्याच दिवशी मला पार्लरमधून परत पाठवलं होतं. तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये मला नुकतीच नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी मामेबहिणीचं लग्न होतं, म्हणून अर्धी सुट्टी काढून मी बोईसरच्या बाजारामागच्या त्यांच्या गाळ्यात हात-पाय वॅक्स करून घ्यायला गेले होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, माझी बाही वर सरकवली, मनगटापासून कोपरापर्यंत उलटा हात फिरवला आणि विचारलं, "ब्लेड मारलंस ना?"

"आठवडा झाला," मी म्हटलं.

"मग आता परत जा. महिना भरल्याशिवाय यायचं नाय."

"अहो, पण लग्न उद्या आहे."

"तुजं हाय का?"

"नाही. मामेबहिणीचं."

"मग तुज्या हाताकडं कोण बघतंय?"

बाकावर बसलेल्या दोन बायका फिदीफिदी हसल्या. मी लांब बाह्यांचा ब्लाउज घालून लग्नाला गेले आणि अक्षता टाकतानासुद्धा या बाईला मनातल्या मनात शिव्या घालत होते. महिना भरल्यावर मात्र मुकाट्याने तिथेच गेले. मला कोणी तोंडावर नाही म्हटलं की त्याच माणसाकडे पुन्हा जायची खोड आहे, आणि त्या खोडीने आयुष्यात माझं फारसं भलं झालेलं नाही.

निमाताई मूळच्या दातिवऱ्याच्या. वडिलांची होडी होती. लग्न होऊन त्या उमरोळीला आल्या, तिथून कुठलातरी कोर्स करायला पालघरला जात राहिल्या आणि मग बोईसरला गाळा भाड्याने घेऊन बसल्या. बुटक्या, रुंद मनगटांच्या, ठसठशीत बाई. काम करताना मंगळसूत्र मागे पाठीवर टाकायच्या आणि ओढणी कमरेला करकचून बांधायच्या. "जाळं ओढलेला हात हाय माजा," असं म्हणत त्या पट्टी ओढायच्या. ओढण्याआधी त्यांची एक ठरलेली लबाडी असे. पट्टी नीट दाबून बसवायची आणि अगदी सहज विचारायचं, "मग सासू काय म्हणते?" आपण उत्तर जुळवायला लागलो की खस्सकन पट्टी निघालेली असे. मला सासू नव्हती, तेव्हा मला त्या साहेबाचं विचारायच्या. मी कितीही सावध राहिले तरी दर वेळी साहेबाबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडायचे आणि तेच तोंड किंचाळायला वापरावं लागायचं.

वॅक्स त्या स्वतः शिजवायच्या. साखर, लिंबू आणि आणखी काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गाळ्यात कायम करपट गोड वास भरलेला असायचा. वॅक्स गरम झालं की पहिला थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायच्या. तिथली कातडी वर्षानुवर्षांच्या चटक्यांनी गुळगुळीत आणि तांबूस झाली होती. "गिऱ्हाईकाला भाजलं तर त्याची जीभ बोईसरभर फिरते," त्या म्हणायच्या, "मला भाजलं तर मी कुणाला सांगू?"

आणि वेळापत्रक! ते तर त्यांनी बोईसरच्या अर्ध्या बायकांकडून पाठ करून घेतलं होतं. हात-पाय महिन्याने. बगल तीन आठवड्यांनी. तोंडाला शक्यतो वॅक्स नाही, दोरा. कोणी हटूनच बसली तर तोंडालाही महिना, आणि मध्ये चिमटासुद्धा लावायचा नाही. केस तांदळाच्या दाण्याएवढा झाला तरच तो पट्टीला धरतो, त्याआधी नुसती कातडी ओढली जाते, हे त्या खरोखरचा तांदूळ दाखवून सांगायच्या. आरशाखालच्या कुंकवाच्या डबीत चार-सहा दाणे ठेवलेले असत. एकदा कोणीतरी वाड्याच्या कोलम तांदळाचा बारीक दाणा आणून "एवढे तर वाढलेत की" म्हणून वाद घातला, तेव्हा निमाताईंनी तिला उकड्या तांदळाचा दाणा दाखवून गप्प केलं. कामगारांच्या चाळीतल्या हिंदी बोलणाऱ्या बायका यायच्या, त्यांच्यासाठी त्यांची हिंदी तयार असे. "अभी जाव. महिना भरने दो, बाद में आव. चमडी हाय, दीवार नाय खरवडने को."

एक बाई दर दहा दिवसांनी यायची. मोठ्या हुद्द्यावरच्या नवऱ्याची बायको, गाडी बाहेर उभी. निमाताईंनी तिच्या पोटऱ्यांवरून हात फिरवला आणि तिला सांगितलं, "केस पायावर नाय तुमच्या, डोक्यात हायत." ती पुन्हा आली नाही. निमाताईंना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून ही बाई भारीच आवडायला लागली. तेव्हाच्या माझ्या आयुष्यात साहेबाला नाही म्हणायची ताकद नव्हती, आणि इथे एक बाई दिवसभर लोकांना नाही म्हणून वर सुखाने जेवत होती.

त्यांच्या नियमाला जग मानत होतं असं मात्र नाही. एकदा केळव्याकडची एक आई नवरीला घेऊन आली. संध्याकाळी हळद, आणि तिला अंगभर वॅक्स करून हवं होतं. निमाताईंनी हाताची घडी घातली. "हळद लागली की आग आग होईल पोरीची. दोन दिवस आधी यायचं होतं." आई भांडली, नवरी रडली, निमाताई ढिम्म. शेवटी त्या दोघी समोरच्या नव्या पार्लरमध्ये गेल्या. नवरीला काहीही झालं नाही. हळद लागली, लग्न लागलं, आणि आठवड्याने त्या आईने मुद्दाम बाजारातून जाताना दारात थांबून सांगितलं, "बघा, काय नाय झालं हां!" निमाताई पुढचे कित्येक महिने त्या नवरीच्या कातडीवर चिडलेल्या होत्या. "आतून झालं असंल. दाखवत नसंल," म्हणायच्या. आम्ही हसायचो. आपलं चुकलं हे त्यांना कबूल करता येत नाही, हे तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं.

पार्लरच्या पाटीवर मुलीचं नाव होतं, मयूरी. एकुलती एक. वडील कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि घरी असले की झोपलेले असायचे. मयूरी शाळा सुटली की पार्लरमध्ये येऊन बाकाच्या टोकाला अभ्यास करत बसायची. हुशार मुलगी. मला मावशी म्हणायची आणि माझ्याकडून टक्केवारीची गणितं सोडवून घ्यायची. सातवी-आठवीत गेल्यावर तिच्या ओठावर लव दिसू लागली, मग ती काळी झाली, आणि नववीत हनुवटीवर केस आले. वर्गातल्या मुलांनी तिला काय नाव ठेवलं होतं ते तिने मला एकदाच सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

नियम मयूरीसाठी नव्हता. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला कळलंच नाही की मी काय पाहतेय. माझे पाय करून झाले होते, मी सलवार नीट करत होते, आणि निमाताई मुलीला म्हणाल्या, "चल गं, बस." मयूरी वही मिटून खुर्चीत येऊन बसली आणि मान मागे टाकून तिने डोळे मिटले. निमाताईंनी तिच्या हनुवटीला वॅक्स लावलं. केस दिसत पण नव्हते, नुसता काळसर रंग होता.

"महिना झाला?" मी गंमतीत विचारलं.

"मागच्या रविवारी केलंय," मयूरी डोळे मिटूनच म्हणाली.

"तू गप बस. तोंड हलवू नको," निमाताई म्हणाल्या. तिला त्यांनी सासूचं, साहेबाचं काही विचारलं नाही. नुसती पट्टी ओढली.

त्यानंतर ते मी अनेकदा पाहिलं. पंधरा दिवसांनी, मग आठवड्याने, परीक्षेच्या आधी, गणपतीत पाहुणे येणार म्हणून, शाळेत फोटो काढणार म्हणून. तोंडाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते असं गिऱ्हाइकांना सांगणाऱ्या बाई मुलीचा तो पापुद्रा दर आठवड्याला सोलत होत्या. मयूरीच्या हनुवटीवर बारीक पुळ्या यायच्या, केस आतल्या आत वळून गाठी व्हायच्या. त्या गाठी निमाताई सुईने फोडायच्या. मयूरी ओरडायची नाही. तिला त्याची इतकी सवय झाली होती की खुर्चीत बसल्या बसल्या ती मनातल्या मनात मूलद्रव्यांचा तक्ता म्हणायची. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

मीच एकदा त्या दोघींना पालघरला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तपासण्या केल्या, हे हार्मोन्समुळे होतं, पुष्कळ मुलींना होतं, असं समजावलं. गोळ्या दिल्या. आणि निमाताईंना सांगितलं की चेहऱ्याला काही महिने हात लावू नका, कातडीला विसावा द्या. निमाताई मान डोलवत ऐकत होत्या. बाहेर पडून रिक्षात बसल्याबरोबर म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईचं काय जातंय. तिला माजी पोर खपवायची नाय."

"निमाताई, ती दहावीत आहे," मी म्हटलं.

"आज दहावीत हाय. उद्या लोक बगायला येतील तेवा ही दाढी घेऊन बसंल का? पार्लरवालीची पोर आणि तोंडावर रान? माज्या तोंडात शेण घालतील."

मयूरी आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. ती बाहेर बघत होती. मला तेव्हा फार राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त नवल वाटलं होतं. गोळ्या तिने घेतल्या, बरंही वाटलं म्हणायची, पण केस लगेच थोडेच जातात. आणि निमाताईंना धीर कुठला? गिऱ्हाइकाला महिना थांबायला सांगणं सोपं असतं.

तिला खरी सुट्टी दिली ती लॉकडाऊनने. पार्लर बंद, कॉलेज बंद, पाहुणे बंद. कोणी बघणारच नाही म्हटल्यावर निमाताईंनीही तिला सोडून दिलं. बाहेर पडताना सगळ्यांच्याच तोंडाला मास्क. मयूरी मला भाजीच्या गाडीजवळ भेटायची तेव्हा तिचे डोळे हसत असायचे. "मावशी, या जगात पहिल्यांदाच मी आणि बाकीचे सारखे," म्हणायची. त्या काळात तिची कातडी भरून आली. केमिस्ट्रीत बीएस्सी झाली आणि एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागली. तिथेही मास्क, डोक्याला टोपी, अंगभर पांढरा कोट. मला वाटतं तिने ती नोकरी निम्मी त्या मास्कसाठीच घेतली असावी. डबा खायला ती सगळ्यांच्या नंतर जायची.

मग स्थळं सुरू झाली आणि ती पुन्हा खुर्चीत आली.

निमाताईंची बघण्याच्या कार्यक्रमाची एक पद्धत होती. पाहुणे नेहमी रविवारी सकाळी बोलवायचे, कारण शनिवारी दुपारी वॅक्स, रात्रभर कोरफड, आणि रविवारी सकाळी चेहरा लख्ख. सोमवारपासून काळसर छटा यायला लागते, म्हणून कार्यक्रम सोमवारी नाही. पाहुण्यांनी मागाहून "आमच्या मोठ्या वहिनींना पण बघायचंय" म्हटलं की पुन्हा रविवार, पुन्हा शनिवार. एका उन्हाळ्यात ओळीने पाच-सहा स्थळं आली. मुलगी शिकलेली, नोकरीवाली, नाकीडोळी नीटस, म्हणून लोक येत होते. आणि आल्यावर कोणाची तरी आत्या नाहीतर काकू पोह्यांची बशी घ्यायच्या निमित्ताने जवळ सरकायची, बारकाईने बघायची, आणि निरोप यायचा की पत्रिका जमत नाही. एकदा तर पत्रिका मागितलीच नव्हती, तरी ती जमली नाही.

सफाळ्याचं स्थळ आलं तेव्हा निमाताईंनी मला मुद्दाम बोलावलं. घरात कोणीतरी चार शब्द बोलणारं हवं होतं. मुलगा चांगला होता. वसईला कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर, घरची माणसं साधी. रविवारचं ठरलं होतं. निमाताईंनी शनिवारी मयूरीला खुर्चीत बसवलं. त्याच दिवशी रात्री सफाळ्याहून फोन आला, घरात कोणीतरी आजारी आहे, बुधवारी येतो. बुधवारपर्यंत छटा दिसणार. निमाताईंनी मंगळवारी पुन्हा वॅक्स लावलं. त्याच जागी, तीन दिवसांत, शनिवारची लाली अजून उतरली नव्हती तिथे.

हे मला बुधवारी कळलं. मी उमरोळीला त्यांच्या घरी पोचले तेव्हा मयूरी आतल्या खोलीत पंख्याखाली बसली होती. वरच्या ओठापासून हनुवटीपर्यंत कातडी निघाली होती. ओलसर, लालभडक, कडेने पांढरी.

"निमाताई, काय केलंत हे?"

"काय नाय होत. बर्फ लावलाय," त्या म्हणाल्या. हातात फाउंडेशनची बाटली होती. "धर जरा तिला. थोडं झोंबंल."

मी धरलं नाही. पाहुण्यांना फोन करून नका येऊ म्हणून सांगा, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "एकदा टळलं की मग ते लोक येत नाय." नंतर त्यांनी एकटीनेच तिच्या उघड्या मांसावर फाउंडेशन थापलं. मयूरीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि निमाताई ते टिपत होत्या, रंग ओघळू नये म्हणून.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक आत्या. मयूरीने चहा आणला. उकाडा होता, पंखा सगळ्यांचा वारा घेऊन छतालाच देत होता. तिच्या ओठावर घामाचे थेंब आले आणि त्या थेंबांबरोबर रंग निघायला लागला. आत्याने पाहिलं. मला त्या बाईला नावं ठेवता येणार नाहीत, तिने काळजीनेच विचारलं. "अगो, भाजलं काय तुला?"

"वाफ लागली," निमाताई पटकन म्हणाल्या. "चहाची वाफ. सकाळी पातेलं उतरवताना."

खोलीत क्षणभर बरं वाटलं. मुलाच्या आईने "अरेरे, मध लावा" म्हटलं. सगळं निभावलं असतं. तेवढ्यात मयूरी ट्रे टेबलावर ठेवून सरळ उभी राहिली.

"वाफ नाही," ती म्हणाली. "आईने वॅक्स केलंय. शनिवारी केलं आणि काल परत केलं. मला दाढी येते. चौदा वर्षांची होते तेव्हापासून येते. लग्न झालं तरी येईल."

तिचे वडील पहिल्यांदाच खुर्चीत ताठ बसलेले मी पाहिले. मुलगा मोबाइलकडे बघत होता. त्याने एकदा वर पाहिलं असतं तरी मी त्याला आयुष्यभर दुवा दिला असता. त्यांनी पोहे संपवले, अगदी सगळे, आणि सभ्यपणे नमस्कार करून निघून गेले. त्यांची रिक्षा वळेपर्यंत निमाताई दारात हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या. मग आत येऊन मयूरीला म्हणाल्या, "माजं नाक कापलंस."

"तुझं नाक आहे जागेवर," मयूरी म्हणाली. "माझं तोंड गेलंय."

जखम भरायला बरेच दिवस लागले आणि भरल्यावर तिथे करडा-काळा डाग राहिला. मयूरीने ठरवलं की आता चेहऱ्याला कोणी हात लावायचा नाही. केस वाढले. ती तशीच कामाला जायला लागली, मास्क फक्त प्रयोगशाळेत. लोकांनी बघितलं, कुजबुज केली, काहींनी समोर विचारलं, आणि काही दिवसांनी बहुतेकांना दुसरे विषय मिळाले. एका माणसाला मात्र दुसरा विषय मिळाला नाही. निमाताईंनी तिला सांगितलं, "तू पार्लरच्या बाजूला येऊ नको. गिऱ्हाईकं काय म्हणतील?" मयूरीने त्यावर काही भांडण केलं नाही. तिने पालघरला एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली आणि दोन बॅगा घेऊन निघून गेली.

त्यानंतर मी पार्लरमध्ये जाणं सोडलं असतं तर शोभलं असतं. पण मी गेले. एक तर त्या काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं, आणि दुसरं म्हणजे मला त्यांच्याशी भांडायचं होतं. मी गेले तेव्हा त्या एका कोवळ्या मुलीला समजावत होत्या. कॉलेजातली असावी, ओठावर लव होती, रडवेली झाली होती. निमाताई तिची हनुवटी हातात धरून इतक्या मायेने बोलत होत्या की मला बघवेना. "अगं बाय, तोंडाची कातडी हाय ही. घाई करू नको. महिना भरू दे. आणि नायतर राहू दे, काय वाईट दिसत नाय तू."

ती मुलगी गेल्यावर मी दाराला कडी घातली आणि विचारलं, "हे मयूरीला का नाही सांगितलंत?"

त्यांनी वॅक्सच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत. उलट माझ्यावरच खेकसल्या.

"गिऱ्हाईकाची कातडी गिऱ्हाईकाची असते. मयूरीची माजी होती."

"तुमची कशी?"

"मी दिलेली ना तिला? केस पण मीच दिलेत. मला बी येतात." त्यांनी मान वर करून गळा दाखवला. जबड्याच्या खाली जुने, बारीक, काळपट वण होते. इतकी वर्षं मी त्या बाईसमोर खुर्चीत बसत होते आणि ते मी कधी पाहिले नव्हते. "माजी आय चुलीतली राख लावून उपटायची. लगीन झाल्यापासून मी पहाटं उठते, मयूरीचा बाप उठायच्या आधी. त्याला आजपत्तूर ठाऊक नाय. असा संसार केला मी. तिचा पण झाला असता."

मी भांडायला आले होते, ते राहून गेलं. त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. ज्या गोष्टीने त्यांचा जन्म पहाटेच्या अंधारात घालवला, तीच त्या मुलीला आंदण द्यायला निघाल्या होत्या, आणि तिने ती घेतली नाही म्हणून रुसल्या होत्या. माझा राग अजून गेलेला नाही. त्यांना सगळं माहीत होतं. किती दिवस थांबायचं, कुठे हात लावायचा, कुठे नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पालघरला, मयूरीच्या इमारतीखाली. मयूरीने मला जेवायला बोलावलं होतं. मी रिक्षातून उतरले तर जिन्याशेजारी निमाताई उभ्या. हातात कापडात बांधलेला डबा. चेहऱ्यावर पावडर, नवी साडी, जणू एखाद्या कार्यक्रमालाच आल्या असाव्यात. वर जायचं धाडस होत नव्हतं म्हणून बराच वेळ उभ्या होत्या, असं वॉचमन म्हणाला.

"तू सांग तिला," त्या मला म्हणाल्या. "मी काय करणार नाय. मोकळ्या हातानं आलेय. पिशवी बघ पायजे तर."

मी वर गेले. मयूरीने दार उघडलं. हनुवटीवरचे केस आता दाट आणि मऊ दिसत होते, डाग त्यांच्याखाली झाकला गेला होता. केस मोकळे सोडलेले, अंगावर घरातला कुर्ता. खरं सांगते, मला ती सुंदर दिसली. मी तिला सांगितलं की आई खाली आहे. तिने ओट्याजवळ जाऊन गॅस बंद केला आणि जिन्याच्या कठड्याशी येऊन खाली वाकली.

"आई, ये वर. जेवून जा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पण माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. एवढंच."

निमाताईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. त्या वर बघत होत्या, कठड्यावरून वाकलेल्या तिच्या चेहऱ्याकडेच, आणि मला इतक्या वरूनही दिसलं की त्यांची नजर तिच्या हनुवटीवर खिळली आहे आणि ती हलत नाही. मयूरीलाही ते दिसलं. ती मागे सरली.

मी खाली उतरले. निमाताईंनी डबा माझ्या हातात दिला. डबा अजून गरम होता.

"मग बघू कुठं गं?" त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं, मला उत्तर माहीत असेल तर हवं होतं त्यांना. त्यांनी पायरीवरचा पाय खाली घेतला, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि रस्त्याच्या बाजूला वळून स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षाला हात केला.